आपल्याला काय त्याचं!

अहो, ऐकलंत का? या की जरा कुंपणाशी. कणीक राहू द्या तशीच, तोवर छान मुरेल. तहसीलदारीणबाई मोर्चाला येणार म्हणे! आपल्याच हो. साहेब रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी दारावरची पाटी काही उतरत नाही, त्या. रविवारी संध्याकाळी, ‘युद्ध नको’च्या मोर्चाला. आणि नुसत्या येणार नाहीत, मेणबत्त्यांचा खर्चही देणार. मला दूधवाल्यानं सांगितलं, त्याला त्यांच्याकडच्या धुणंभांडीवालीनं. म्हणजे बातमी पक्की.

तुम्ही भिशीला नव्हतात ना, मग तुमचा खरा तमाशा हुकला. प्रोफेसरांची सून वही घेऊन आली. पोरगी गोड आहे हो, पण वही दिसली की सगळ्यांना वर्गणीच आठवते. एकदम शांतता! ती म्हणाली, पैसे नकोत, तुम्ही या. आंबेडकर चौकातून निघायचं, कलेक्टर ऑफिसपर्यंत चालायचं. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. फलक तेलुगूत, मराठीत, उर्दूत आणि गोंडीत, आणि गोंडी फलक आपल्या गुंजाळ्याच्या लिपीत. पोलिसांकडे परमिशनचा अर्ज दिलाय. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि तेवढ्यात आपल्या तहसीलदारीणबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणतात कशा, “अगं, युद्ध कुठे, आदिलाबाद कुठे! आपल्याला काय त्याचं?”

दोघी-तिघी हसल्या. किराणावाल्या वहिनी तर मोठ्यानं. आणि नेमकी आतून चिवड्याची ताटली घेऊन आली ती भिशीच्या घरची, निर्मळची सून. तिचा भाऊ दोह्याला आहे, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक, फक्त तहसीलदारीणबाईंच्या डोक्यातून गेलं असावं. तिनं ताटली खाली ठेवली. आवाज चढवला नाही हो, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, “काकू, २०२५च्या जूनमध्ये, २३ तारखेला, इराणनं कतारच्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा आमच्याकडे रात्री दहा वाजले होते. विमानं बंद. भावाचा फोन लागेना. माझी आई देवासमोर बसली होती ती सकाळीच उठली. ते युद्ध आमच्या माजघरात होतं.”

काय चेहरा पडला म्हणता! मी अगदी समोरच बसले होते. आधी गालावरचं हसू गेलं, मग पदर खांद्यावर दोनदा सारखा केला, मग चिवडा घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला. किराणावाल्या वहिनींना अचानक खोकला झाला. खरा नव्हता तो.

आणि खरंच आहे ना हो तिचं. निर्मळ म्हणा, खानापूर म्हणा, तिकडे जगित्याल, निजामाबाद म्हणा, घरटी कोणी ना कोणी दुबई, मस्कत, कुवेत करतंच. १९९०ला सद्दामनं कुवेत घेतलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं विमानांनी आणावी लागली होती. कित्येक जण नेसत्या वस्त्रानिशी आले. हाताशी ना पगार ना पासपोर्ट. आणि माणूस कोणी नाही का तिकडे? बरं, तेल तर आहे! २०२२ला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि आपलं सूर्यफुलाचं तेल कुठल्या कुठे गेलं, आठवतंय ना? आपण बरंचसं तेल तिकडूनच आणत होतो. भजी कमी केलीत की नाही तुम्ही? मग! लढाई कढईत उतरली की कळतं, कुठे आदिलाबाद ते.

तर काय सांगत होते… हां. ‘आपल्याला काय त्याचं.’ हे वाक्य मी आधीही ऐकलंय. याच गल्लीत. २०११ला.

तेव्हाची मजा तुम्हाला काय सांगायची, तुम्हीही होतातच. सकल जनुला सम्मे. वेगळ्या तेलंगणासाठी सगळे म्हणजे सगळे संपावर. मास्तर, तलाठी, बसवाले, वकील, सिंगरेणीचे साठ हजारांवर कोळसा कामगार. तिकडे कोळसा थांबला आणि इकडे मिक्सरमधली चटणी अर्धी वाटलेली! रोज कुठल्या ना कुठल्या वेळेला वीज जायची. पण मला मजा त्या मुहूर्ताची वाटते. संप सुरू झाला १३ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी पितृपक्ष लागला होता. आपल्या गल्लीतल्या गुरुजीकाकूंनी कपाळाला हातच लावला. “अगं, पितृपक्षात नवीन भांडं कुणी आणत नाही, आणि हे राज्य आणायला निघाले!”

पण खरा वाद मुहूर्ताचा नव्हता हो. खरा वाद होता आपण जायचं की नाही याचा. आपण पडलो मराठी. कापडवाले भाऊजी ओट्यावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तेलुगू-तेलुगूंचं भांडण आहे. आंध्रवाले आणि तेलंगणवाले. आपल्याला काय त्याचं?” आणि माना हलल्या बरं का. मराठी शाळेचे मास्तर तेवढे गप्प. ते बिचारे आधीच संपात नाव देऊन बसले होते, घरी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोला ते पगार आला नाही तेव्हा कळलं. तो दुसराच किस्सा, तो नंतर.

आमच्या सासूबाई तेव्हा होत्या. तुम्हाला त्यांचं बोलणं माहीतच आहे, अर्धं वाक्य, पण लागायचं. माजघरातून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवला आणि भाऊजींना म्हणाल्या, “तुझ्या पोरानं नोकरीचा फॉर्म भरला, त्यावर भाषा विचारली होती का जिल्हा?”

भाऊजी म्हणाले, “जिल्हा.”

“मग?”

झालं! भाऊजींच्या तोंडातली सुपारी तोंडातच. लोकल, नॉनलोकल हे सगळं १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासूनचं. कोण कुठे शिकला त्यावरून हिशेब. त्यात मराठी, तेलुगू, उर्दू असं काही नाही. आदिलाबादचा तो आदिलाबादचा. लोकलच्या जागेवर बाहेरचा येऊन बसला की आपल्या पोराचीही जागा जाणारच. हे सासूबाईंना सातवी न होता कळलं होतं, आणि भाऊजी बी.कॉम.!

त्यांना कळायचंच म्हणा. सरहद्दी हलताना त्यांनी पाहिल्या होत्या. माझं माहेर किनवटचं, ठाऊक आहे ना? किनवट आपल्याच जिल्ह्यात होतं हो! राजुराही. १९५६च्या नोव्हेंबरात निजामाचं जुनं हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा पट्टा गेला मुंबई राज्यात, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. माझी आजी म्हणायची, “मी काही गाव सोडलं नाही, जिल्ह्यानंच मला सोडलं.” एका बहिणीच्या मुलांची शाळा मराठी, दुसरीच्या मुलांची तेलुगू. एकीच्या पत्रावर महाराष्ट्र, दुसरीच्या पत्रावर आंध्र, आणि मधे सरहद्द. कुणी विचारलं होतं का त्यांना? ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून त्याही चुली फुंकत बसल्या असतील.

तर काय सांगत होते… हां, संपातलं वंटा-वार्पु! अहाहा. रस्त्यावर चुली मांडायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच पंगती. वाहनं थांबली तर थांबली. ड्रायव्हरलाही वाढायचं. सासूबाईंनी ठरवलं म्हटल्यावर आम्ही कोण नाही म्हणणार? गुरुजीकाकू दारात आडव्या. “पितरांचं पान सोडून रस्त्यावर चूल मांडणार तुम्ही?” आमच्या सासूबाई म्हणतात, “कावळे चौकातही असतात हो.”

अहो, गुरुजीकाकूंना हसूही येईना आणि रागही येईना! तिसऱ्या दिवशी त्याच आल्या हिंग घेऊन. म्हणाल्या, तुमच्या वरणाला फोडणी कोण देतंय ते बघायला आले.

आणि तिथे काय रणकंदन झालं माहीत आहे ना? आंबाडीवरून! आपल्याकडे आंबाडीच्या भाजीत कण्या घालणार, वर लसणाची फोडणी. पोस्टातल्या अक्का म्हणाल्या, छे, पुंटिकूरा म्हणजे पप्पूत, डाळीबरोबरच. निजामाबादकडच्या एक बाई म्हणाल्या, नुसती चटणी. सगळ्या म्हणे एका राज्यासाठी जमलेल्या, आणि एका भाजीवर एकमत होईना. शेवटी तिन्ही केल्या. पोलिसांनी तिन्ही खाल्ल्या. एक हवालदार तर हळूच म्हणाला, “अम्मा, लाठी उगारायचा हुकूम आला तर जेवण झाल्यावर उगारू.” त्याचीही बायको संपात होती ना, शिक्षिका!

मग नवरात्र आलं. बतकम्मा थेट रस्त्यावर. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, झेंडू, थरावर थर. हायवेवर फेर धरलेला आणि ट्रकवाले हॉर्न न वाजवता उभे. आपल्या यवतमाळच्या वहिनी भुलाबाईच्या टिपऱ्या घेऊन आल्या. त्यांना तेलुगू गाणी कुठे येतात? त्यांनी त्या फेरात आपली मराठी गाणी सुरू केली, आणि गंमत म्हणजे ताल बसला! कापडवाल्या भाऊजींची बायको फेरात, आणि भाऊजी दुकानाच्या फळीआडून बघतायत. तिनं पाहिलं. घरी गेल्यावर काय बोलली ते भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं, पण ते मी सांगायचं नाही असं ठरवलंय. अगदीच आग्रह केलात तर बघू.

पगार नव्हते हो. ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. किराणावाल्या वहिनींची उधारीची वही इतकी फुगली की दुसरी वही आणावी लागली. त्या भिशीत हसल्या खऱ्या, पण त्या वेळी त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही, हेही मी सांगते. एकेक खातं कामावर परतलं, बसवाले परतले, खाणवाले परतले. संप ४२ दिवसांनी मागे घेतला, २४ ऑक्टोबरला, नेमका धनत्रयोदशीला. हातात धन नाही आणि दारात धनत्रयोदशी! राज्य काही त्या दिवाळीत मिळालं नाही. त्यापायी कोवळ्या पोरांनी जीव दिले, ते आठवलं की अजून घास अडतो. २ जून २०१४ला मिळालं एकदाचं. आणि मिळालं तर दोन वर्षांत, २०१६च्या दसऱ्याला, आपल्याच जिल्ह्याच्या चार वाटण्या! मंचेरियाल वेगळं, निर्मळ वेगळं, आसिफाबाद वेगळं. सासूबाई म्हणाल्या, “भावकीतसुद्धा इतक्या लवकर वाटण्या होत नाहीत.”

सासूबाईंना युद्धाविषयी विचारलं असतं ना प्रोफेसरांच्या सुनेनं, तर त्या पहिल्या रांगेत चालल्या असत्या. त्या नांदेडकडच्या. १९४८ला १३ सप्टेंबरलाच, बघा, तीच तारीख, लष्कर निजामाच्या हद्दीत शिरलं. पोलीस ॲक्शन म्हणतात त्याला, पण आले ते रणगाडेच. त्याआधी रझाकारांनी छळलं होतं, ते त्या सांगायच्या. घरं जाळली, माणसं पळाली. पण पुढचंही सांगायच्या, आणि ते सांगताना आवाज उतरायचा. १७ तारखेला निजाम शरण गेला, लोकांनी पेढे वाटले, आणि मग पलीकडच्या मुसलमान आळीतली दारं एकेक करून बंद झाली. त्यांची एक मैत्रीण होती, गोट्या खेळायची त्यांच्याबरोबर. ती परत दिसलीच नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती, तिनं मेलेल्यांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. तो अहवाल कित्येक वर्षं कुणी बाहेर काढला नाही. सासूबाईंना अहवाल-बिहवाल माहीत नव्हता. त्यांना ती मुलगी माहीत होती. म्हणून त्यांच्यासमोर ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणायची आमची कुणाची छाती नव्हती.

तर… कुठे होते मी? हां, तुम्ही विचाराल, मोर्चाला पोलीस परमिशन कशाला लागते, चार बायका चालणार त्यात. अहो, असं म्हणू नका. ती डिंक आणि मध घेऊन येते ना आपल्याकडे, इंद्रवेल्लीकडची गोंड बाई, तिला विचारा. मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ बोलते. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून पाणी पीत होती, तेव्हा मी सहज म्हटलं, मोर्चे फार झाले बाई हल्ली. तिनं तांब्या खाली ठेवला.

२० एप्रिल १९८१. सोमवार होता, इंद्रवेल्लीचा बाजार. गिरिजन रैतू कुली संघमची सभा ठरलेली. मागणी काय, तर जमिनीचे पट्टे द्या, सावकाराचा जाच थांबवा, मालाला भाव द्या. परमिशन आधी दिली, मग काढून घेतली आणि जमावबंदी लावली. आता डोंगरातल्या पाड्यांवर कोण सांगायला जाणार की परमिशन गेली? लोक आपले निघाले. कुणी सभेला, कुणी मीठ-मिरची घ्यायला. तिचा चुलता बैलांच्या दोऱ्या घ्यायला गेला होता. गोळीबार झाला. सरकारनं १३ गेले म्हणून सांगितलं, हक्कांसाठी काम करणाऱ्या माणसांनी साठाच्या वर मोजले. लाल स्तूप बांधला, तो उडवून दिला, परत उभा राहिला. आणि पुढे वर्षानुवर्षं २० एप्रिल आला की तिथे जमावबंदी! आपल्या माणसांसाठी दोन फुलं वाहायची तर पोलिसांचा वेढा.

मी आपली चुकचुकत होते. तर ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “बाई, सावकार कोण होते माहीत आहे ना? काही तर तुमच्याकडूनच आलेले.”

अहो, माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच ठरवा. खोटं काय होतं त्यात? मराठवाड्यातून, विदर्भातून आपली माणसं इकडे आली, काळी जमीन बघून राहिली, आणि गोंडांच्या हातातून पट्टे सुटत गेले. १९४०ला कुमरम भीम जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला तो याच जल-जंगल-जमिनीपायी. मग निजामानं हायमेनडॉर्फ साहेबाला पाठवलं, हे लोक का पेटले ते बघायला. तो मारलावाईला राहिला, गोंडी शिकला, शाळा काढल्या, पट्टे देववले. त्याची बायको त्याच मारलावाईत पुरली आहे. सातासमुद्रापारच्या माणसाला वाटलं की आपलं काहीतरी आहे त्यात, आणि आम्ही केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला दरवर्षी जातो, इंद्रवेल्लीवरूनच, आणि स्तूपापाशी गाडी कधी थांबवली नाही. त्या दिवशी तिच्या डिंकाचा भाव मी केला नाही. तिनंही जास्त लावला नाही.

बरं, तोंड असं करू नका. आता गमतीचं सांगते. दिलावरपूर! निर्मळ-भैंसा रस्त्यावरचं. इथेनॉलचा कारखाना नको म्हणून गावंच्या गावं उठली होती. पाणी नासेल, शेतं नासतील म्हणून. २६ नोव्हेंबर २०२४ला बायापोरांसकट रस्त्यावर बसले. आर.डी.ओ. समजवायला आल्या, तर त्यांची गाडीच घेरली, तासन् तास! रात्र झाली तरी हलेनात. आणि खरी गंमत ऐका. आर.डी.ओ. बाई. त्यांना सोडवायला आल्या त्या एस.पी., त्याही बाई. जिल्ह्याच्या कलेक्टर, बाई. आपल्या भागाच्या तेव्हाच्या मंत्री सीताक्का, त्या तर बाईच. आणि रस्त्यावर बसलेल्यांत पुढे कोण? बायका! आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, यात पुरुषांनी काय केलं? मी म्हटलं, काळजी केली. दुसऱ्या दिवशी सरकारनं काम थांबवायचं सांगितलं. गोंधळ झाला, दगड पडले, लाठ्या चालल्या, तेही झालं, आणि आर.डी.ओ.बाईंना झालेल्या त्रासाचं मला काही कौतुक नाही. सरकारी बाईलाही घरी पोरं असतात. पण ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांना विचारावं लागलं, एवढं खरं.

आमची आत्या गोरेगावात राहायची ना मुंबईला, ती म्हणते, हे आम्ही कधीच केलंय. सत्तरच्या दशकातल्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, सगळ्या रस्त्यावर उतरल्या, आणि आत्या लाटणं घेऊन त्यांच्या मागे. थाळ्या बडवत! आत्याचे मिस्टर ऑफिसातून आले तर घरात लाटणं नाही, पोळी नाही. विचारतात, लाटणं कुठाय? आत्या म्हणे, मंत्रालयासमोर. गोरेगावला नळाला पाणी मिळवून दिलं म्हणून मृणालताई पाणीवाली बाई, आणि १९७७ला त्या निवडून आल्या, इंदिराबाई पडल्या, तेव्हा घोषणा काय होती, “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!” आत्या अजून ती म्हणते आणि एकटीच हसते.

तर काय सांगत होते… तहसीलदारीणबाई. त्यांचं मन कसं फिरलं ते मला प्रोफेसरांच्या सुनेकडून कळलं, पण तुमच्यापाशीच ठेवा हं. त्या परवा अंधार पडल्यावर तिच्याकडे गेल्या, एकट्या. आधी हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, “अगं, चालून युद्ध थांबतं का कधी? खरं सांग.” टोमणा नव्हता हो तो, खरंच विचारत होत्या. नातू आहे ना त्यांचा, एन.डी.ए.ला जायचं म्हणतो. हे त्यांनी भिशीत कधी सांगितलं का? नाही. आता कळलं ना, ‘आपल्याला काय त्याचं’ असं का म्हणत होत्या त्या? माणूस ज्याला सगळ्यात घाबरतं ना, त्याचं नाव काढू देत नाही.

मग त्या पोरीनं त्यांना लायबेरियाचं सांगितलं. आफ्रिकेत आहे ते. चौदा वर्षं आपसांत लढाई, लहान पोरांच्या हातात बंदुका. तिथली एक बाई, लेमा ग्बोवी तिचं नाव. तिनं बायका जमवल्या, ख्रिस्ती पण आणि मुसलमान पण, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, आणि त्या बाजाराजवळच्या मैदानात रोज जाऊन बसायला लागल्या, उन्हात, पावसात. २००३ला घानामध्ये तहाची बोलणी लागली. पुढारी आणि बंदूकवाले मस्त हॉटेलात राहतायत, बोलणी लांबवतायत, आणि इकडे माणसं मरतायत. तर या बायका गेल्या तिकडे आणि हॉलच्या दारातच बसल्या, हाताला हात अडकवून. तह होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही! शिपाई आले उठवायला, तर ती म्हणाली, हात लावाल तर इथेच अंगावरचे कपडे उतरवीन. तिकडे आईच्या वयाच्या बाईनं असं करणं म्हणजे समोरच्याला मोठा शाप. सगळे मागे सरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टात, तह झाला. २०११ला तिला नोबेल मिळालं. कधी जाहीर झालं सांगू? ७ ऑक्टोबरला, आपल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही तेव्हा रस्त्यावर आंबाडी निवडत होतो.

तहसीलदारीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं काय, “दार अडवलं म्हणजे, आपल्याकडे लग्नात नणंद अडवते तसंच ना?”

प्रोफेसरांची सून म्हणाली, “हो काकू. कबूल करून घेतल्याशिवाय आत सोडत नाही, तसंच.”

“मग ते मला येतं,” म्हणाल्या. “तीन भावांची दारं अडवली आहेत मी. एकानंही फुकट पाऊल आत टाकलेलं नाही.”